‘थांब’ म्हणण्याचा अधिकार

महाविद्यालयाचा संघ स्पर्धेत उतरतो तेव्हा खेळाची जबाबदारी प्रशिक्षकाकडे असते, प्रवासाची व शिस्तीची संघव्यवस्थापकाकडे असते; मात्र खेळाडूच्या शरीराची जबाबदारी नेमकी कोणाकडे असते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक महाविद्यालयांच्या कागदपत्रांत सापडत नाही. अमेरिकेतील विद्यापीठांनी गेल्या शंभर वर्षांत त्यासाठी एक स्वतंत्र व्यवसायच उभा केला असून तेथे त्या व्यावसायिकाला ‘ॲथलेटिक ट्रेनर’ म्हणतात. व्यायामशाळेत वजने उचलायला शिकवणाऱ्या ट्रेनरशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. दुखापत होऊ नये म्हणून हंगामापूर्वीपासून शरीराची तयारी करून घेणे, ती झालीच तर पहिल्या काही मिनिटांत तिचे गांभीर्य ओळखून तातडीचे उपचार करणे, पुढे आठवडे किंवा महिने चालणाऱ्या पुनर्वसनावर, म्हणजे दुखावलेल्या अवयवाची ताकद, हालचाल व तोल क्रमाने परत मिळवण्याच्या व्यायामांवर देखरेख ठेवणे, आणि खेळाडू पुन्हा मैदानात उतरण्यास योग्य झाला आहे की नाही हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवणे, एवढी कामे त्याच्याकडे असतात. यांपैकी शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, कारण त्याला शारीरशास्त्राच्या ज्ञानाबरोबर अधिकारही लागतो. महाड व पोलादपूरसारख्या तालुक्यांत या व्यवसायाचा विचार करताना प्रथम पाहावे लागते ते हेच, की ज्ञान कोठून आणायचे याचा मार्ग आज दिसतो, परंतु अधिकार कोणी कोणाला द्यायचा, हे कोणी ठरवलेले नाही.

हे दोन्ही तालुके रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. सावित्रीकाठचे महाड हे मुंबई–गोवा महामार्गावरचे बाजारपेठेचे आणि औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. तेथून वीसेक किलोमीटरवरच्या पोलादपुरातून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, तर महामार्ग कशेडी घाट ओलांडून खेडकडे उतरतो. महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, पोलादपूरला सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे, आणि महाडच्या उत्तरेस लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पहिली दोन महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि ही कक्षा मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली आहे. त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत येथील मुलांची गाठ कधी ना कधी अशा संघांशी पडते, ज्यांच्या मैदानापासून हाडांचे तज्ज्ञ आणि एमआरआयची सोय हाकेच्या अंतरावर असते. येथील मुलांसाठी जिल्हा रुग्णालय अलिबागला, शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. शिवाय अनेक विद्यार्थी वाड्यावस्त्यांवरून एसटीने व पायी येणारे असल्याने सुजलेल्या घोट्याने घरी पोहोचायचे कसे, हाही वैद्यकीय निर्णयाचाच एक भाग होतो.

अमेरिकेत हा व्यवसाय निर्माण झाला तो खेळाच्या प्रेमातून जितका, तितकाच भीतीतून. अमेरिकन फुटबॉलच्या १९०५ च्या हंगामात डझनाहून अधिक तरुण मृत्युमुखी पडले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले, आणि पुढच्याच वर्षी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी जी संस्था स्थापन झाली तीच पुढे ‘एनसीएए’ या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रारंभीचे ट्रेनर हे मालीश करणारे, पट्ट्या बांधणारे, घरगुती लेप बाळगणारे अनुभवी लोक होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सॅम्युअल बिलिक यांनी, जे इलिनॉय विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेता घेता हे काम करत होते, या अनुभवाला शास्त्राची बैठक देणारे पुस्तक लिहिले. १९५० मध्ये या लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांच्या कामाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली, आणि आता या व्यवसायात येण्यासाठी पदव्युत्तर पदवी व त्यानंतरची राष्ट्रीय परीक्षा आवश्यक ठरली आहे.

तरीही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा अगदी अलीकडचा आहे. शंभर वर्षे ट्रेनरचे शिक्षण वाढत गेले, पण त्याची नेमणूक व पगार अनेकदा मुख्य प्रशिक्षकाच्याच मर्जीवर राहिला, आणि ज्याच्या मर्जीवर नोकरी आहे त्याला ‘तुमचा सर्वोत्तम खेळाडू आज खेळणार नाही’ असे सांगणे किती कठीण असते, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ मध्ये एनसीएएच्या पाच मोठ्या विभागीय संघटनांनी असा नियम केला की खेळाडूला थांबवण्याचा व परत खेळू देण्याचा निर्णय संघाचे डॉक्टर व ॲथलेटिक ट्रेनर यांचाच असेल आणि प्रशिक्षकाला तो फिरवता येणार नाही. नियम झाल्याने दडपण नाहीसे झाले असे मानण्याचे कारण नाही. मात्र दडपण आणणे हा नियमभंग ठरला, आणि ट्रेनरच्या हातात दाखवण्याजोगा कागद आला.

महाराष्ट्राच्या परंपरेत हे काम तालमीचा वस्ताद करत असे. कोणत्या पठ्ठ्याचा खांदा कच्चा आहे, कोणाला जोर कमी व बैठका जास्त द्यायच्या, कोणाचा खुराक वाढवायचा, कोणाला दोन दिवस मातीत उतरू द्यायचे नाही, हे वस्ताद रोजच्या निरीक्षणाने ठरवत असे. आणि निखळलेला सांधा बसवण्यासाठी तालमीच्या ओळखीचा हाडवैद्य असे. या पद्धतीत निरीक्षणाची सूक्ष्मता होती, ती आजच्या कित्येक क्रीडा अकादमींत नाही. तथापि शिकवणारा, लढवणारा आणि थांबवणारा माणूस एकच असल्याने, पठ्ठ्याचे हित आणि तालमीचा नावलौकिक यांच्यात अंतर पडले तर निवाडा करायला तिसरे कोणी नव्हते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या देशी परंपरेला संस्थेचे आणि पुढे महाविद्यालयीन शिक्षणाचे रूप दिले, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकेही दाखवली. पण तेथून जी परंपरा वाढली ती शारीरिक शिक्षकांची. दुखापतींकडे पाहणारा व्यावसायिक दुसऱ्या वाटेने, रुग्णालयातून आला. भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, पद्धतशीर शिक्षण देशात १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, आणि सामान्य मराठी प्रेक्षकाला ‘फिजिओ’ हा शब्द परिचित झाला तो बराच नंतर, क्रिकेटमुळे, मुंबईचे डॉ. अली इराणी १९८७ ते १९९७ या काळात भारतीय संघाबरोबर असताना.

या दोन वाटा आजही महाविद्यालयाच्या फाटकापाशी एकत्र येत नाहीत. महाविद्यालयात पद असते ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट अथवा पीएच.डी. आणि शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणी लागते; तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला बारा मिनिटांत १८०० मीटर, तर स्त्री उमेदवाराला आठ मिनिटांत १००० मीटर अंतर कापावे लागते. पळून दाखवल्यावाचून जी मिळत नाही अशी महाविद्यालयातली ही बहुधा एकमेव प्राध्यापकी दर्जाची नोकरी असावी. लहान महाविद्यालयात हाच संचालक कबड्डीचा प्रशिक्षक असतो, ॲथलेटिक्सचाही असतो, संघाबरोबर एसटीने जाणारा व्यवस्थापक असतो, प्रवेशिका भरणारा कारकून असतो आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळणाराही तोच असतो. त्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण उपान्त्य सामन्याच्या मध्यंतरात लंगडणाऱ्या चढाईपटूकडे तो प्रशिक्षक म्हणून पाहतो की रक्षक म्हणून, हे त्यालाही सांगता येणार नाही.

खेळाडूकडूनही खरे उत्तर मिळेल अशी खात्री नसते. महाराष्ट्रात प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी ठरावीक पातळीच्या स्पर्धांतील यश लागते. त्यामुळे विद्यापीठाच्या संघात निवड होण्याची शक्यता ज्याला दिसते, तो पोलादपूरच्या डोंगराळ भागातला मुलगा गुडघा दुखत असल्याचे सांगण्याऐवजी लपवतो, आणि त्याच्या परिस्थितीत हे गैर आहे असे म्हणणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. म्हणूनच दुखापत ओळखणाऱ्याने केवळ ‘दुखते का’ असे विचारून थांबायचे नसते.

रायगड जिल्ह्यात गावोगावी ज्याची मंडळे आहेत त्या कबड्डीचे उदाहरण घेतले तर हे काम किती बारकाव्याचे आहे ते स्पष्ट होते. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे परतताना शरीर वळवत असतो, त्याच क्षणी बचाव करणारा त्याचा घोटा पकडतो. वरचे शरीर फिरते, पाऊल जागीच अडकते, आणि दोहोंमधला सगळा पीळ घोट्यावर किंवा गुडघ्यावर येतो. पाऊल आतल्या बाजूला वळून घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे चिवट तंतू, ताणले किंवा फाटले जातात. खेडोपाडी अशा वेळी आंबेहळदीचा लेप लावला जातो, त्यात फारसे वाईट काही नाही. वाईट आहे ते ताज्या दुखापतीवर जोराने तेल चोळणे आणि ‘बसवण्यासाठी’ झटका देणे, कारण आत फाटलेल्या तंतूंतून रक्तस्राव चालू असताना चोळण्याने सूज वाढते, आणि हाडाला भेग असली तर झटक्याने ती सरकू शकते.

भेग आहे की नाही हे क्ष-किरणाशिवाय कसे ओळखायचे, याची एक साधी रीत कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती महाड–पोलादपूरसारख्या ठिकाणी महानगरापेक्षाही अधिक उपयोगाची आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडांची टोके हाताला लागतात त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही खेळाडूला चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण काढायचा. तसे नसेल तर घोट्याचे हाड मोडलेले असण्याची शक्यता अत्यल्प असते. पावलाच्या मधल्या भागासाठीही अशाच दोन जागा ठरवून दिलेल्या आहेत, बाहेरच्या कडेवर करंगळीच्या लांब हाडाचा बुंधा आणि आतल्या बाजूचे नौकेच्या आकाराचे हाड. यंत्र लागत नाही, खर्च नाही. लागतो तो फक्त अंगठा नेमका कोठे दाबायचा याचा सराव, आणि प्रशिक्षित माणूस जवळ असण्याचा खरा लाभ येथे दिसतो, कारण पावसात रात्रीच्या वेळी मुलाला रुग्णालयात न्यायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे त्या चार पावलांवर ठरू शकते.

मुरगळलेला घोटा सूज उतरली की बरा झाला असे समजले जाते आणि तोच घोटा त्याच हंगामात पुन्हा मुरगळतो, याचेही कारण आहे. अस्थिबंधांत असे मज्जातंतू असतात जे पाऊल जमिनीवर कोणत्या कोनात आहे हे मेंदूला क्षणोक्षणी कळवत असतात. तंतू फाटले की ही खबर उशिरा पोहोचते आणि स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून उभे राहणे, मग त्याच स्थितीत चेंडू झेलणे, असे काही आठवड्यांचे तोलाचे व्यायाम घोटा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच कमी करतात. हे व्यायाम पाहायला इतके किरकोळ वाटतात की देखरेख नसेल तर खेळाडू ते तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

गुडघ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. सांध्याच्या आत तिरका जाणारा पुढचा अस्थिबंध तुटला की खेळाडूला अनेकदा ‘खट्’ असा आवाज जाणवतो, काही तासांत गुडघा सुजतो आणि नंतर वळताना तो दगा देतो. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून तेथे नवा तंतू बसवता येतो, परंतु तो शरीरात रुजून भार पेलण्याजोगा व्हायला वेळ लागतो; नॉर्वे व अमेरिकेतील खेळाडूंवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवावे तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्यागणिक सुमारे निम्म्याने घटतो. मुंबईला शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या विद्यार्थ्याचे हे नऊ महिने कोणाच्या देखरेखीखाली जातात, यावर त्या शस्त्रक्रियेचे फळ अवलंबून असते.

डोक्याच्या माराबाबत मात्र वाट पाहण्याला जागा नाही. जमिनीवर आपटून किंवा दुसऱ्याच्या गुडघ्याचा फटका बसून मेंदूला हादरा बसला की खेळाडू बेशुद्ध पडतोच असे नाही. तो गोंधळतो, गुण किती झाले हे चुकीचे सांगतो, मळमळ किंवा अंधारी आल्याची तक्रार करतो, आणि तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा उभे करण्याची आपली रीत याच वेळी सर्वांत घातक ठरते. ॲमस्टरडॅम येथे २०२२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही जुनाच नियम पुन्हा सांगितला, की असा संशय आला तर त्या दिवशी खेळ बंद, आणि परतणे टप्प्याटप्प्याने.

महाड–पोलादपूरच्या तरुणांपैकी अनेकांच्या दृष्टीने खेळाचे मैदान हे भरतीचे मैदान असते. पोलीस शिपाई भरतीच्या पन्नास गुणांच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याशिवाय १०० मीटर धावणे व गोळाफेक असते; जाहिरात निघाली की सकाळच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. ज्याने पूर्वी नियमित धावण्याचा सराव केलेला नाही तो एका महिन्यात रोज पाच-सहा किलोमीटर कडक रस्त्यावर, झिजलेल्या तळव्याच्या बुटांनी धावू लागतो, तेव्हा नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. हाडावर नवा भार पडला की ते आधी थोडे झिजते आणि मग अधिक मजबूत होते, पण या दोन क्रियांमध्ये विश्रांतीचे दिवस गेले नाहीत तर झीज पुढे जाते आणि हाडाला केसासारखी भेग पडते. पसरलेले दुखणे आणि एका बोटाखाली सापडणारे नेमके दुखणे यांतला फरक ओळखणे हे येथे ट्रेनरचे काम. पहिल्यात सराव कमी करून चालते, दुसऱ्यात धावणे थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे लागते. मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न जोडला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला; धाप लागणाऱ्या मुलीला ‘दम कमी आहे’ म्हणून आणखी पळवण्याऐवजी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, हे ज्याला सुचते त्याने अर्धे काम केले असे म्हणता येईल.

जीवावर बेतणारे प्रसंग क्वचित येतात, परंतु ते शिकलेल्या माणसाचीच वाट पाहत नाहीत. कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. धावणारा बरळू लागला, अडखळून पडला आणि अंग तापलेले असेल तर तो उष्माघात समजून आधी थंड करायचे आणि मग रुग्णवाहिकेत चढवायचे, हा आजचा मान्य क्रम आहे. ताडपत्रीची झोळी करून तीत पाणी आणि मासळीबाजारातून आणलेला बर्फ भरला तरी काम होते. हृदय थांबण्याच्या प्रसंगी तर मिनिटे मोजावी लागतात. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल सामन्यात डामार हॅमलिन हा खेळाडू छातीवर धक्का बसून कोसळला तेव्हा मैदानावर त्याची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणारा डेनी केलिंग्टन हा सहायक ॲथलेटिक ट्रेनर होता, आणि त्याआधीची त्याची बरीच वर्षे सिराक्यूज विद्यापीठाच्या महाविद्यालयीन संघाबरोबर गेली होती. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देण्याचे हे कौशल्य एका दिवसात शिकवता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण ती घाटरस्त्याने येईपर्यंतचा वेळ मैदानावरच्या माणसानेच भरून काढायचा असतो.

ट्रेनरच्या कामाचा सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे नोंदवही. दुखापतीची तारीख, खेळ, माती की मॅट, सामना की सराव, पकडीत की वळताना, कोणता अवयव, किती दिवस खेळ बंद, एवढे रकाने तीन हंगाम प्रामाणिकपणे भरले तर कोणत्या मैदानात आणि सरावाच्या कोणत्या टप्प्यात मुले पडतात हे दिसू लागते. ते दिसल्याखेरीज प्रतिबंधाचे उपाय म्हणजे अंधारात मारलेले तीर ठरतात. अशा नोंदींचे सामर्थ्य महाड तालुक्याला नवीन नाही. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे खाटेशेजारी बसून तासागणिक टिपली, मृत्यू हृदयावरील परिणामामुळे होतो हे त्यातून मांडले आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुरगळलेला घोटा हा विंचूदंशासारखा प्राणघातक विषय नाही, हे खरे. पण मातीच्या मैदानावर खेळणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दुखापतींविषयी जे काही कळायचे ते ओस्लो किंवा ओटावा येथून येणार नाही, ते येथेच टिपावे लागेल.

या कामाकडे वळू पाहणाऱ्या येथील विद्यार्थ्याला ॲथलेटिक ट्रेनर ही पदवी महाराष्ट्रात शोधून उपयोग नाही. कायद्याने ओळखला जाणारा जवळचा व्यवसाय भौतिकोपचारतज्ज्ञाचा आहे. बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान, नीट परीक्षा, त्यानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा सहा महिन्यांच्या आंतरवासितेसह साडेचार वर्षे चालत आलेला पदवी अभ्यासक्रम, जो नव्या राष्ट्रीय आराखड्यात पाच वर्षांचा करण्यात आला आहे, राज्य परिषदेकडे नोंदणी, आणि हवे असल्यास क्रीडा-भौतिकोपचारातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, असा हा मार्ग आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचारासह आरोग्यसेवेशी संलग्न अनेक व्यवसायांना एका राष्ट्रीय आयोगाखाली आणले. रायगड जिल्ह्यातच, पनवेलजवळ कामोठे येथे, एमजीएमचे भौतिकोपचार महाविद्यालय आहे. दुसरा मार्ग बी.पी.एड. व एम.पी.एड. या पदव्यांचा, मुंबई, पुणे किंवा अमरावतीच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतून जाणारा. त्या वाटेने जाणाऱ्याला प्रतिबंधाचे व्यायाम, प्रथमोपचार आणि तज्ज्ञाने आखून दिलेले पुनर्वसन करून घेता येते, निदान व उपचार करता येत नाहीत, आणि ही मर्यादा पाळण्यातच त्याची प्रतिष्ठा आहे. दोन्ही शिक्षणांचा संगम कसा दिसतो हे पाहायचे तर चिपळूणच्या पुढे डेरवणला जावे. तेथे रुग्णालय, ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे क्रीडासंकुल एकाच ट्रस्टच्या आवारात असून डेरवण यूथ गेम्स या बहुक्रीडा स्पर्धा तेथे भरतात.

नोकरी मात्र मैदानाच्या मागे धावत शहराकडे जाते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीच्या संघांना, क्रिकेट संघटनांना, पुण्या-मुंबईच्या अकादमींना फिजिओ लागतात. तेथे नाव होते, पण काम हंगामी असते, करार दरवर्षी नव्याने होतात, महिनोन्महिने संघाबरोबर फिरावे लागते, आणि या फिरतीमुळे अनेक जण काही वर्षांत रुग्णालयाच्या ठरावीक वेळांकडे परततात. महाड, पोलादपूर व लोणेरे येथील एकेका महाविद्यालयाला स्वतंत्र माणूस पोसणे परवडणार नाही हे उघड आहे. चार-पाच महाविद्यालयांनी जिमखाना निधीतून थोडा थोडा वाटा काढून एक भौतिकोपचारतज्ज्ञ मानधनावर नेमला, जूनमध्ये सर्व संघांची तपासणी करून घेतली, हंगामात आठवड्याचे दिवस वाटून दिले, आणि त्याने थांबवलेल्या खेळाडूला क्रीडा संचालक किंवा प्राचार्यही उतरवणार नाहीत हे नेमणूकपत्रातच लिहिले, तर व्यवहार जमण्यासारखा आहे. अशा माणसाचे घर त्या मानधनावर चालणार नाही. त्याला महाड बाजारपेठेत दवाखाना टाकावाच लागेल, तेथे सकाळी येणारे रुग्ण म्हणजे औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या कंबरा, भात लावून आलेल्या बायकांचे गुडघे आणि दुचाकीवरून पडलेल्यांचे खांदे असतील, भाडे व हप्ते त्यांच्यावर निघतील, आणि कबड्डीच्या सरावाला संध्याकाळी साडेचारनंतरचे दोन तास राखून ठेवावे लागतील.